नोंदवहीतली खोडलेली ओळ

संक्रांत उलटून आठवडा झाला तरी सोलापूरच्या बाभळी-लिंबांवर अडकलेला मांजा खाली उतरत नाही, आणि त्यामुळे जानेवारी संपेपर्यंत माझ्या दवाखान्यात कुत्र्यामांजरांच्या बरोबरीने एखादी पंख कापलेली घार किंवा बगळा येतच राहतो. मी पशुवैद्य आहे. शिकारी पक्ष्यांची ओळख मात्र मला महाविद्यालयात नव्हे, तर नान्नजच्या माळरानावर झाली. माळढोकासाठी १९७९ मध्ये राखीव झालेल्या त्या गवताळ पट्ट्यात हिवाळी पाहुणे म्हणून येणारे भोवत्ये मी कितीतरी सकाळी पाहिले आहेत. एवढ्या वर्षांच्या पाहण्यानंतर आपल्याला ससाणा आणि घार यांतला फरक पोत्याच्या तोंडातूनही कळतो, अशी माझी समजूत झाली होती.

त्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास नान्नजकडचे एक शेतकरी काका खताच्या रिकाम्या पोत्यात पक्षी घेऊन आले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे असा पक्षी आला की मी आधी वनरक्षकांना फोन करतो. तो करत असतानाच काका सांगत होते, “ससाणा हाय, डॉक्टर. रोज आमच्या ज्वारीवर हवेत एका जाग्याला फडफडत उभारतंय बघा, आणि मग दगडागत खाली.” मी पोत्यात डोकावलो. अंधारात एक तपकिरी डोळा आणि मांज्यात गुरफटलेल्या पंखाचे लांब, निमुळते टोक एवढेच दिसले. टोकदार पंख, गडद डोळा आणि हवेत एका जागी फडफडत राहण्याची सवय, या तिन्ही गोष्टी जुळल्या म्हणून पक्षी बाहेर काढण्याआधीच मी नोंदवहीत लिहून टाकले: ‘खरुची, डावा पंख, मांजा.’ खरुची म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात सर्रास दिसणारा छोटा ससाणा.

ही घाई कागदापुरती राहिली असती तर बिघडले नसते. पण पक्षी कसा धरायचा हे तो कोण आहे यावर ठरते. ससाणा भक्ष्य पायांनी पकडतो आणि चोचीने मानेचा मणका तोडून मारतो, त्यामुळे त्याला हाताळताना चोचीकडे जास्त लक्ष ठेवावे लागते. घार, गरुड, शिक्रा यांचे खरे हत्यार म्हणजे पाय, कारण ते नख्या रुतवून, आवळून जीव घेतात. मी ससाणा समजून टॉवेल डोक्यावर टाकला, मान सांभाळली आणि पायांबाबत निष्काळजी राहिलो. पुढच्याच क्षणी अंगठ्याच्या मुळाशी चार नख्या रुतल्या. या पक्ष्यांच्या बोटांतल्या स्नायुबंधांना खाचांसारखी अटक असते, त्यामुळे एकदा आवळलेली मूठ पक्ष्याला फारसे श्रम न पडता तशीच आवळलेली राहते. हात मागे ओढला तर नख्या आणखी खोल जातात. माझ्या मदतनीसाने शांतपणे पक्ष्याचा पाय सरळ ताणला, तेव्हा ती पकड सैल झाली. “सर, तुम्हीच आम्हाला शिकवलंय ना हे,” असे तो म्हणाला. त्याचे म्हणणे खरे होते, म्हणून मी हात धुवायला गेलो.

परत आल्यावर मी तो पक्षी प्रथमच नीट पाहिला. शेपूट आखूड आणि पांढरे, खरुचीसारखे लांब व पट्ट्यांचे नव्हते. मांज्याचे वेढे सोडवल्यावर खांद्यावरचा काळा डाग उघडा पडला. वरची चोच आकडीसारखी होती, पण तिची कड सरळ होती. ससाण्याच्या चोचीत आकडीच्या अलीकडे दोन्ही बाजूंना दातासारखे एकेक टोक असते, ते येथे नव्हते. नाकपुडीतही ससाण्याला असतो तसा हाडाचा बारीक खुंट नव्हता. ही कापशी, म्हणजे घारीच्या कुळातली छोटी शिकारी होती, आणि तीही कोवळी. प्रौढ कापशीचे डोळे माणकासारखे लाल असतात, पिल्लाचे आधी तपकिरी असतात, आणि त्याच तपकिरी डोळ्याने मला चकवले होते. जखम सुदैवाने पंखाच्या पुढच्या पडद्यापुरती होती आणि त्याच्या कडेने जाणारा स्नायुबंध शाबूत होता. तो तुटला असता तर उडणे संपलेच असते. काकांनी वाटेत पक्ष्याला पाणी पाजले नव्हते, हेही मोठेच काम झाले. पक्ष्याच्या श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते आणि मायेने ओतलेले पाणी थेट फुप्फुसात जाऊन दगावलेले पक्षी मी पाहिले आहेत.

टाके घालताना काकांना माझी चूक समजावून सांगत होतो. कापशीला शास्त्रीय नाव देणाऱ्या देफोंतेन यांनीही १७८९ मध्ये तिला ‘फाल्को’ या ससाण्यांच्या प्रजातीत टाकले होते. अर्थात त्या काळी दिवसा शिकार करणारा जवळपास प्रत्येक पक्षी त्याच प्रजातीत जाई, तेव्हा मला त्यांच्या आडोशाला लपता येणार नाही. सजीवांच्या वर्गीकरणाची पद्धत घालून देणाऱ्या लिनियस यांनी तर घुबडे आणि खाटीक पक्षीसुद्धा ससाण्या-गिधाडांबरोबर एकाच गणात बसवले होते. पुढे घुबडे वेगळी निघाली, पण घारी, गरुड, गिधाडे आणि ससाणे यांना अगदी अलीकडेपर्यंत एकाच गणात ठेवण्याची रीत होती. २००८ मध्ये पक्ष्यांच्या जनुकांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्यात ससाणे घारी-गरुडांपासून दूर, पोपट आणि गाणाऱ्या पक्ष्यांच्या जवळ निघाले. आकडीदार चोच, धारदार नख्या, नरापेक्षा मोठी मादी ही सारखी लक्षणे दोन घराण्यांनी एकाच धंद्यापायी वेगवेगळी कमावलेली आहेत. म्हणून आता ससाण्यांचा गण स्वतंत्र आहे, आणि घार, गरुड, शिक्रा, भोवत्ये, आपल्याकडची गिधाडे व कापशी हे दुसऱ्या गणात आहेत. घरट्याची रीतही वेगळी आहे. कापशी काटक्या जमवून स्वतः घरटे बांधते, तर ससाणा कड्याच्या कपारीत किंवा कावळ्याच्या सोडलेल्या घरट्यात अंडी घालतो.

काका बराच वेळ गप्प होते. हुरड्याच्या दिवसांत त्यांचा निम्मा दिवस गोफण घेऊन पोपट हाकण्यात जातो. “म्हंजे ससाणा पोपटाचा भावकीतला?” त्यांनी विचारले, “मग आमच्या ज्वारीवर बसतो त्यो राखणदार का पाव्हणा?” मी म्हटले, तुमच्या ज्वारीवर बसते ती कापशी. ती उंदीर खाते आणि पोपटांच्या भावकीतली नाही. हे त्यांना पटलेले दिसले.

दुपारी तीनच्या सुमारास जुळे सोलापूरमधल्या एका इमारतीचा रखवालदार बुटाच्या खोक्यातून ‘घारीचं पिल्लू’ घेऊन आला. ते खिडकीच्या काचेवर आपटले होते. या वेळी नोंदवही बंदच ठेवून मी आधी चोच पाहिली. दाताचे टोक होते, गोल नाकपुडीच्या मधोमध खुंट होता आणि डोळ्याखाली गडद ओघळ. खरुचीची मादी होती ती, तिने माझ्या नखाच्या कडेला कडकडून चावा घेऊन तसे कळवलेही. रात्रभर अंधाऱ्या, उबदार खोक्यात राहिल्यावर ती शुद्धीवर आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वनरक्षकांसमोर उडून गेली.

कापशीला मात्र पाच आठवडे लागले. तिला सोडले तेव्हा काकांच्या रानात ज्वारीची काढणी सुरू झाली होती आणि तिच्या डोळ्यांत तांबूस झाक आली होती. काका अजून फोन करतात तेव्हा ‘आमचा ससाणा’ असेच म्हणतात. नोंदवहीत ‘खरुची’वर एक आडवी रेघ आहे, तिच्यावर ‘कापशी’ लिहिले आहे, आणि शेजारी मदतनिसाने त्याच्या अक्षरात भर घातली आहे: ‘सर, उजवा हात, चार नख्या.’