देठाजवळचा वास

माझ्या वडिलांनी वाशीच्या फळबाजारात तीस वर्षे काम केले. पेटीतला आंबा उचलून ते देठाकडून नाकाशी नेतात आणि तो आज खायचा, परवा खायचा की आणखी चार दिवस अढीत राहू द्यायचा, हे सांगतात. त्यांचा अंदाज क्वचितच चुकतो. ही पारख यंत्राला शिकवता येईल का, हा प्रश्न दोन हंगामांपूर्वी माझ्या मनात आला आणि तेव्हापासून कोपरखैरण्याच्या आमच्या घरातील एक टेबल याच कामाने व्यापले आहे.

हवेतील वायूंना प्रतिसाद देणारे पाच सेन्सर मी वापरले, ते सर्व एमक्यू नावाच्या मालिकेतील, कथिलाच्या ऑक्साइडचे आणि स्वस्तात मिळणारे आहेत. आतला बारीक हीटर ऑक्साइडचा थर दोनशे अंश सेल्सिअसच्या वर तापवतो. हवेतील ऑक्सिजन त्या तापलेल्या पृष्ठभागाला चिकटून तेथील इलेक्ट्रॉन धरून ठेवतो, त्यामुळे विद्युतरोध जास्त राहतो. अल्कोहोल किंवा इथिलीनसारखा वायू आला की त्याची या ऑक्सिजनशी अभिक्रिया होते, अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध उतरतो. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी १९६० च्या दशकात याच तत्त्वावर वायुगळती ओळखणारा सेन्सर विकसित केला. म्हणजे सेन्सरला वास कळत नाही, त्याचा फक्त रोध बदलतो. मग कारण आंबा असो, शेजारच्या स्वयंपाकघरातली फोडणी असो किंवा हाताला लावलेले सॅनिटायझर असो.

एकटा सेन्सर असा भोळा असला, तरी वेगवेगळ्या स्वभावाचे अनेक सेन्सर एकत्र ठेवले की प्रत्येकाच्या कमी-अधिक प्रतिसादातून एक आकृती तयार होते आणि ती आकृती ओळखणे हे मशीन लर्निंगचे, म्हणजे उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणकीय मॉडेलचे, काम ठरते. ब्रिटनमधील वॉरिक विद्यापीठात कृष्ण पर्सौद आणि जॉर्ज डॉड यांनी १९८२ मध्ये असे केवळ तीन सेन्सर वापरून वासांमधला फरक ओळखता येतो, हे दाखवले. आपल्या नाकाची रीतही याच जातीची आहे. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ मध्ये गंधग्राहकांच्या जनुकांचे कुटुंब शोधले व त्यासाठी त्यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसाच्या नाकात सुमारे ४०० प्रकारचे ग्राहक असतात आणि प्रत्येक वास त्यांतील काहींना वेगवेगळ्या प्रमाणात जागे करतो. माझ्याकडे पाच होते.

मी झाकणाचा स्टीलचा डबा घेतला, त्यात एक छोटा पंखा आणि सेन्सर बसवले. झाकणाची फट सुरुवातीला सिलिकॉनने बुजवली होती, परंतु सिलिकॉनची वाफ या सेन्सरांना कायमची निकामी करते असे वाचल्यावर तो डबा टाकून दिला आणि दुसऱ्या डब्याला टेफ्लॉनची टेप लावली. प्रत्येक आंबा अर्धा तास डब्यात, मग तितकाच वेळ स्वच्छ हवा, असा क्रम ठेवला. रोध किती उतरला, किती वेगाने उतरला आणि पूर्ववत व्हायला किती वेळ लागला, हे आकडे रँडम फॉरेस्ट नावाच्या मशीन लर्निंगच्या मॉडेलला दिले. कच्चा, तयार आणि उतरलेला (जास्त पिकून बिघडू लागलेला) हे तीन वर्ग बाबांनी वास घेऊन ठरवले.

पहिल्याच हंगामात मॉडेलने जवळजवळ सर्व आंबे अचूक ओळखले. मला अतिशय आनंद झाला आणि त्या आनंदात दोन आठवडे गेले. मग केवळ खात्रीसाठी मी आंबा डब्यात ठेवण्यापूर्वीच्या स्वच्छ हवेच्या नोंदी तेवढ्या वेगळ्या काढल्या आणि मॉडेलला फक्त त्याच दिल्या. आंब्याचा वास ज्यांत मुळीच नाही अशा त्या नोंदींवरूनही ते कच्चा आणि तयार यांत उत्तम फरक करत होते. कारण साधे होते. एकाच पेटीतले आंबे मी पिकत जातील तसे मोजले होते, म्हणजे सगळे कच्चे एप्रिलच्या सुरुवातीला आणि सगळे तयार आठ-दहा दिवसांनी. खाडीकडून येणारी दमट हवा त्या काळात रोज वाढत होती, आणि पाण्याच्या वाफेनेही या सेन्सरांचा रोध बदलतो. मॉडेल आंबा शिकले नव्हते, दिनांक शिकले होते.

पुढे कळले की मोठ्या प्रयोगशाळांतील नोंदींतही हा दोष सापडला आहे. संशोधकांमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या एका नोंदसंचात प्रत्येक वायू वेगळ्या काळात मोजला गेला होता आणि त्यामुळे वायू ओळखल्याचे निष्कर्ष सेन्सरांच्या सरकण्याने दूषित झाले आहेत, असे २०२२ मधील एका शोधनिबंधाने दाखवले. हे सरकणे, म्हणजे वापराने व काळाने सेन्सरचा प्रतिसाद हळूहळू बदलत जाणे, या विषयाचे जुने दुखणे आहे. कॅलिफोर्नियात १६ सेन्सर घेऊन ३६ महिने सहा वायूंची १३,९१० मोजमापे केवळ याच्याच अभ्यासासाठी केली गेली.

दुसऱ्या हंगामात मी पद्धत बदलली. बाबांच्या जुन्या ओळखीमुळे वेगवेगळ्या दिवशी बाजारात आलेल्या पेट्या मिळाल्या आणि एकाच दिवशी कच्चे, तयार व उतरलेले आंबे चिठ्ठ्या टाकून ठरवलेल्या क्रमाने मोजता आले. आर्द्रता वेगळी नोंदवली. तपासणीसाठी आंबे नव्हे तर पूर्ण दिवस बाजूला ठेवले, म्हणजे ज्या दिवसाची हवा मॉडेलने कधी पाहिलीच नाही अशा दिवशी त्याची परीक्षा झाली. यश बरेच खाली आले, पण मला ते पहिल्या यशापेक्षा कितीतरी मोलाचे वाटते, कारण ते खरे आहे. आंबणे सुरू झाल्यावर अल्कोहोल सुटते, त्यामुळे उतरलेला आंबा हे सेन्सर चांगला ओळखतात. आजचा आणि परवाचा आंबा यांतला फरक मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हापूसच्या सुवासावर झालेल्या कामातून दिसते की पिकताना त्यात लॅक्टोन आणि फ्युरॅनोन या गटांतील द्रव्ये येतात. ती अत्यल्प प्रमाणातही आपल्या नाकाला भिडतात, पण माझ्या सेन्सरांना नाही.

आणखी एक गोष्ट मला आधी सुचली नव्हती. काही आंबे मी बाबांना आणि काकांना वेगवेगळे हुंगायला दिले, तेव्हा ‘तयार’ कशाला म्हणायचे यावर दोघांचे एकमत झाले नाही. यंत्र ज्याला सत्य मानते ते शेवटी कोणाच्या तरी नाकाचे मत असते. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेच्या कोलकाता केंद्राने चहाची प्रत ठरवण्यासाठी इलेक्ट्रॉनिक नाक विकसित केले, तेव्हा चहाच्या चवपारख्यांनी दिलेल्या गुणांशीच त्याचा मेळ घालावा लागला.

आमच्या इमारतीतील लोक विचारतात, रात्री औद्योगिक पट्ट्याकडून येणारा उग्र वास कशाचा, हे हा डबा सांगेल का? नाही सांगणार. ज्या वासाचे खात्रीचे नमुने शिकवलेले नाहीत, त्याचे नाव मॉडेल सांगू शकत नाही, आणि सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये. हवेत काहीतरी बदलले एवढी वेळेची नोंद मात्र तो ठेवू शकतो, आणि सगळे झोपलेले असताना तीही उपयोगाची असते.

बाबांना मात्र वेगळेच हवे आहे. बाहेरून निर्दोष दिसणाऱ्या आंब्यात साका, म्हणजे आतला गर स्पंजासारखा होण्याचा दोष, निघाला की पैसे देणाऱ्यापुढे मान खाली जाते, आणि देठाजवळच्या वासावरून साका त्यांनाही कळत नाही. म्हणून या हंगामात प्रत्येक आंब्यावर क्रमांक लिहून आधी मोजतो आणि मग कापतो. आतापर्यंत कापलेल्या ४१ आंब्यांपैकी तिघांत साका निघाला. तीन उदाहरणांवरून कोणतेही मॉडेल काही शिकणार नाही, म्हणून बाबांनी गाळ्यावरच्या ओळखीच्या व्यापाऱ्यांना सांगून ठेवले आहे की संशय येईल तो आंबा कापू नका, आमच्याकडे पाठवा.