कालामाझूची अक्रोडी ३३०

शिकागोला गेले ती मावसभावाच्या मुलीच्या बारशाला. बारसं छान झालं, तळ्याकाठी भटकून झालं, नदीतली बोट झाली, खरेदीही झाली. त्याबद्दल वेगळं सांगण्यासारखं काही नाही. सांगायचंय ते जुन्या हॉलो-बॉडी, म्हणजे पोकळ अंगाच्या, इलेक्ट्रिक गिटारींबद्दल. त्यातली एक घ्यायचीच हे मी पुण्याहून निघतानाच ठरवलं होतं. ती शोधताना एका दुकानात संताप आला आणि दुसऱ्यात डोळे भरून आले.

संतापाचं दुकान शिकागोतलं. मोठं, झगमगीत, भिंतभर गिटारी, आणि खऱ्या जुन्या सगळ्या काचेच्या कपाटात. त्यात गिब्सन या अमेरिकन कंपनीची १९५९ ची ईएस-३३५ होती, फ्रेटबोर्डवर, म्हणजे फ्रेट नावाच्या धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या मानेच्या फळीवर, ठिपके असलेली. १९६२ मध्ये ठिपके जाऊन चौकोनी खुणा आल्या, म्हणून संग्राहकांचा जीव ठिपक्यांवर. किंमत अशी की पुण्यात बरी मोटार येईल. ती मला घ्यायची नव्हतीच. पण बाजूला १९५० च्या दशकातली ईएस-१७५ टांगली होती, ती निदान वाजवून बघावी म्हणून विचारलं. विक्रेत्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि दादाला विचारलं, "आज घेणार आहात का?"

वाजवणार मी, पैसे माझे, आणि प्रश्न दादाला! दादा म्हणाला, "तिला विचारा, तीच वाजवते." तरी गिटार खाली उतरली नाही. "नक्की घेणार असाल तरच काढतो," एवढंच उत्तर मिळालं. मला याचा आजही राग येतो. साठ-सत्तर वर्षांची वस्तू वाजवल्याशिवाय घ्यायची कशी? एकाच कारखान्यात एकाच महिन्यात झालेल्या दोन गिटारी इतक्या वर्षांत दोन वेगळ्या घरांत, वेगळ्या हवेत, वेगळ्या हातांत मुरलेल्या असतात. वर्षाची चिठ्ठी वाचून त्यातलं काहीच कळत नाही.

आणखी एका दुकानात ईएस-१७५ हातात मिळाली. हे मॉडेल १९४९ मध्ये आलं, जॅझवाल्यांचं लाडकं. स्वर गोल, दाट, ऐकत राहावा असा. पण अंग जवळपास ८६ मिलिमीटर खोल. माझ्या उंचीला ती मांडीवर घेतली की उजवा खांदा कानाशी येतो. अर्ध्या तासात पाठ भरून आली. तिथेच ग्रेच या दुसऱ्या कंपनीची ६१२० होती, नारिंगी, देखणी. तिच्या कडेनं फिरणारी सेल्युलॉइडची पट्टी (बाइंडिंग) मात्र भुगा होऊन गळत होती. जुन्या सेल्युलॉइडचं हे ठरलेलं दुखणं. ते कुजायला लागलं की त्याच्या वाफेनं जवळचे धातूचे भागही गंजतात. तिला मी मनाविरुद्ध खाली ठेवलं.

मला हवी होती पातळ अंगाची, पण आतून पूर्ण पोकळ. ३३५ दिसते तशी, पण तिच्या पोटात मधोमध मेपलचा ठोकळा असतो. त्यानं स्वर लांबतो, मोठ्या आवाजात गिटार शीळ घालत नाही, पण वजन वाढतं आणि लाकूड थोडं मुकं होतं. १९५९ मध्ये गिब्सननं आणलेल्या ईएस-३३० मध्ये तो ठोकळाच नाही. अ‍ॅम्पला न जोडताही ती खोलीभर ऐकू येते. घरी रात्री रियाज करणाऱ्या माझ्यासारखीला याहून काय हवं?

या सगळ्या गिब्सन जिथे जन्मल्या ते कालामाझू शिकागोहून रेल्वेनं अडीच-तीन तासांवर आहे. दादाला सुट्टी नव्हती, मी एकटीच गेले. गाडी तळ्याच्या दक्षिण टोकाला वळसा घालून इंडियानातून मिशिगनमध्ये शिरते आणि घड्याळ एक तास पुढे करावं लागतं. आधी २२५, पार्सन्स स्ट्रीटला जाऊन इमारत पाहिली. १९१७ ची, विटांची. इथेच गिब्सनच्या सेथ लव्हरनं १९५५ मध्ये हंबकर घडवलं, म्हणजे तारांची कंपनं विजेत बदलणारं, पण गुणगुण दाबणारं पिकअप. १९८४ मध्ये गिब्सननं हा कारखाना बंद करून सगळं काम नॅशव्हिलला नेलं, तेव्हा जायला तयार नसलेल्या काही कारागिरांनी १९८५ मध्ये याच वास्तूत हेरिटेज नावानं पुन्हा गिटारी सुरू केल्या. मला त्या माणसांबद्दल फार आदर वाटतो.

गावातलं एक दुरुस्तीचं छोटं दुकान मी आधीच फोन करून ठरवलं होतं. मालक सत्तरीच्या पुढचे. एका खुर्चीवर एपिफोन कसीनो, दुसरीवर ईएस-३३०, अशा दोन्ही काढून ठेवलेल्या. "अ‍ॅम्प नंतर. आधी नुसत्या वाजवा," म्हणाले आणि आत निघून गेले. माझ्यावर नजर ठेवायला कुणी नाही, घाई नाही. शिकागोनंतर मला हे इतकं अनपेक्षित होतं की पहिली पाच मिनिटं मी नुसत्या तारा जुळवत बसले.

कसीनो १९६५ ची होती. एपिफोन १९५७ मध्ये गिब्सनच्या मालकांनी विकत घेतली, त्यामुळे त्या काळातली कसीनो आणि ३३० याच कारखान्यात बनायच्या. सांगाडा तोच, एकाच गुंडाळीचे पी-९० पिकअप तेच. डोकं, टेलपीस (तारा खाली अडकवायचा भाग) आणि खुणा वेगळ्या. पण बीटल्समधल्या तिघांकडे कसीनो होती, म्हणून तिचा भाव चढा. माझ्या कानाला हा फरक पैशांचा वाटला, स्वराचा नाही.

३३० होती १९६९ ची, अक्रोडी रंगाची. संग्राहकांना हा रंग आवडत नाही, साठच्या दशकाच्या उत्तरार्धातला अरुंद नटही (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती खाचांची पट्टी) आवडत नाही. या गिटारीचा नट जेमतेम ४० मिलिमीटर. माझी बोटं लहान आहेत. सातव्या फ्रेटवरचे पसरट कॉर्ड मला आयुष्यात पहिल्यांदा विनासायास लागले. शिवाय १९६८ पासून ३३० ची मान विसाव्या फ्रेटला अंगाला मिळते, आधी ती सोळाव्याला मिळायची. वरचे स्वर हाताशी येतात, पण मानेची पकड थोडी कमी होते. हे मालकांनी स्वतःहून सांगितलं आणि मान हलकेच दाबून सूर किती हलतो तेही दाखवलं.

मग त्यांनी दिवे मालवून अतिनील (यूव्ही) किरणांचा दिवा गिटारीवरून फिरवला. जुनं नायट्रो लॅकर (त्या काळचं वार्निश) हिरवट चमकतं, नंतरची डागडुजी काळपट दिसते. मानेवर कुठेही काळा डाग नाही, म्हणजे मान मोडून चिकटवलेली नाही. त्या काळात गिब्सननं अनुक्रमांक पुन्हा पुन्हा वापरले, त्यावर विसंबता येत नाही. म्हणून अंगावरच्या एफ आकाराच्या भोकातून आरसा घालून त्यांनी पॉटवरचे, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या भागावरचे, आकडे वाचायला लावले: १३७ म्हणजे तो बनवणारी सीटीएस कंपनी, पुढचे आकडे वर्षाचे आणि आठवड्याचे. एक खुंटी बदललेली आहे, खालचे फ्रेट झिजलेत, हेही कागदावर लिहून दिलं.

अ‍ॅम्प लावल्यावर पी-९० ची ती गुणगुण सुरू झाली. अमेरिकेत वीज ६० हर्ट्‌झची, आपल्याकडे ५० ची, त्यामुळे पुण्यात हीच गुणगुण खालच्या सुरात येते. मी हे बोलले तर ते हसले आणि म्हणाले, "माझी आई पार्सन्स स्ट्रीटवर पिकअप गुंडाळायची. रात्री जेवताना तिची बोटं आपोआप फिरत असायची." एका पी-९० मध्ये केसासारख्या तारेचे सुमारे दहा हजार फेरे असतात. हे पिकअप त्यांच्या आईचंच, असं त्यांनी म्हटलं नाही. विकण्यासाठी म्हणता आलं असतं. माझे डोळे भरले ते तिथे.

निवड सोपी झाली ती लाकडानं. कसीनोचा फ्रेटबोर्ड ब्राझिली रोझवूडचा. हे झाड १९९२ पासून साइट्स या दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, परवान्याशिवाय अशी गिटार सीमेपार नेता येत नाही. ३३० चा मात्र भारतीय रोझवूडचा, म्हणजे आपला शिसव. आजोळच्या देव्हाऱ्याचं लाकूड. तयार वाद्यांपुरती त्याला परवान्यातून सूट आहे. मालकांनी पावतीवर लाकडाचं नाव स्पष्ट लिहिलं. किंमत चार हजार डॉलरच्या आत बसली. त्या पैशाचं मला अजिबात वाईट वाटत नाही.

परतीच्या विमानात ती डोक्यावरच्या कप्प्यात बसली, तारा सैल केलेल्या. आता रोज वाजते आहे. पहिल्या तीन फ्रेटांवर मात्र दुसरी तार खणखणते, ते फ्रेट बदलावेच लागतील. पुण्या-मुंबईत जुन्या बाइंडिंगला धक्का न लावता हे काम करणारं कुणी ठाऊक असेल तर जरूर कळवा. वाट लावणाऱ्याच्या हाती मी ती देणार नाही.