एका शीटवर दोन गेंद

वनस्पतिशास्त्राच्या एका सोसायटीच्या जर्नलसाठी टॅक्सॉनॉमीचे, म्हणजे जाती ओळखून त्यांना नावं देण्याच्या शास्त्राचे, पेपर माझ्याकडे येतात, म्हणजे मी एडिटोरियल बोर्डावर, पगार शून्य, मानधन शून्य, अंक घरी येतो तो पण स्वतः भरलेल्या मेंबरशिपचा. नवरा दरवेळी विचारतो, मग करतेस कशाला एवढं. त्याला नीट उत्तर देता आलं असेल तर ते गेल्या पावसाळ्यातल्या एका दिवसामुळे, तोच इथे लिहितेय.

पेपर होता कोकणातल्या एका सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या पठारावरच्या, गेंदाचा. कासला लोक ज्या पांढऱ्या बटणांचे फोटो काढतात तो गेंद, शास्त्रीय नाव एरिओकॉलॉन. लेखक तिकडच्याच एका कॉलेजात सीएचबीवर (तासाप्रमाणे पैसे) शिकवणारा मुलगा, त्याचं म्हणणं ही नवी जात आहे. पेपर बरा होता, फोटो छान, भाषा जरा आडवीतिडवी पण ते चालतं. मी तो दोघा रेफ्रींकडे, म्हणजे छापायच्या आधी पेपर तपासणाऱ्यांकडे, पाठवला आणि त्यातले एक सर (नाव सांगणार नाही, रिटायर होऊन बरीच वर्षं झालीत आणि अजून रोज मायक्रोस्कोपला बसतात) यांनी महिनोन्महिने काहीच कळवलं नाही. मी आठवणीचे मेल टाकतेय, तिकडून तो मुलगा मला टाकतोय. शेवटी सरांचं उत्तर आलं ते दोनच ओळींचं. चित्रात मादी फुलाला तीन सेपल (पाकळ्यांच्या बाहेरची दलं) दिसतात, मजकुरात दोन लिहिलेत, आणि बी नेमकं कुठल्या झाडाचं काढलं ते कळवा. बस.

मुलाचा फोन आला तेव्हा तो जाम वैतागलेला होता. मॅडम, एवढ्यासाठी इतके महिने? मग हळूच सांगितलं की दुसऱ्या एका ऑनलाइन जर्नलकडून त्याला चार दिवसांत ॲक्सेप्टन्स आलाय, पैसे भरले की लगेच नाव छापून येईल, आणि त्याला पीएचडी सबमिट करायचीय, इंटरव्ह्यू पण आहे. त्याच्या जागी कोणीही तेच केलं असतं, खोटं कशाला बोला. मी म्हटलं तू पैसे भरायच्या आधी एकदा शीट (वाळवलेली झाडं चिकटवलेला जाड कागद) घेऊन पुण्याला ये, मग तुला जे करायचं ते कर.

आला बिचारा रात्रभर एसटीत बसून, शीटा वर्तमानपत्रात गुंडाळून वर प्लास्टिक. चहा पाजला आणि डिपार्टमेंटच्या लॅबमध्ये बसलो. ज्यांनी गेंद बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, त्याचं ते पांढरं मुंडकं म्हणजे एक फूल नसतं, त्यात नर-मादी अशी पुष्कळ फुलं ठासून भरलेली असतात, एकेक फूल दोनेक मिलिमीटरचं. वाळलेलं मुंडकं पाण्यात उकळून मऊ करायचं, मग सुईने एकेक फूल सोडवायचं आणि सेपल किती, पाकळीच्या टोकाला काळी ग्रंथी आहे का, परागकोश काळे की फिके, बियांवरची नक्षी कशी, हे बघायचं. पानांवरून, उंचीवरून यात काही ठरत नाही. बी तर एक मिलिमीटरहून पण लहान.

शीटवर बरीच झाडं चिकटवली होती, लहान झाड असलं की तसंच करतात. पहिल्या झाडाचं मुंडकं सोडवलं, परागकोश काळे, सेपल तीन. त्याने लगेच मान डोलावली. मग मी मुद्दाम शीटच्या खालच्या कोपऱ्यातलं झाड घेतलं. परागकोश फिके आणि मादी फुलाला सेपल दोन. त्याने स्वतः दुसरं मुंडकं उकळलं, मग तिसरं, मग माझ्या हातातली सुईच काढून घेतली. दुपारपर्यंत स्पष्ट झालं की सगळी झाडं एकाच डबक्याच्या काठची होती पण जाती दोन होत्या, वरून दिसायला जुळ्या, आणि पेपरमधलं वर्णन अर्धं हिचं अर्धं तिचं. चित्र एकीचं, बी दुसरीचं. आणि हीच शीट तो होलोटाइप म्हणून, म्हणजे नव्या नावाचा कायमचा अधिकृत नमुना म्हणून, देणार होता.

हे किती वाईट झालं असतं ते बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही. वनस्पतीचं नाव एकदा नियमाप्रमाणे छापलं गेलं की ते पुसता येत नाही. २०१२ पासून लॅटिनची सक्ती गेली, इंग्रजीतलं वर्णन चालतं, आयएसएसएन (नियतकालिकाचा नोंदणी क्रमांक) असलेल्या ऑनलाइन जर्नलची पीडीएफ पण चालते. वर्णन दिलं, टाइप, म्हणजे तो नमुना, कुठल्या हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात) ठेवला ते लिहिलं, की नाव झालं. जर्नल चांगलं की भिकार याच्याशी नियमांना काही देणंघेणं नाही. म्हणजे त्या पैसेवाल्या जर्नलात छापलेलं नाव पण कायमचं यादीत बसलं असतं, आणि पुढे गेंदावर काम करणाऱ्या प्रत्येकाला ती दोन जातींची खिचडी निस्तरत बसावं लागलं असतं. चाळणी काय ती छापायच्या आधीच, आणि ती चाळणी म्हणजे असले फुकट काम करणारे म्हातारे. सोसायटी अधिवेशन घेते, मेडल देते, ते सगळं ठीक आहे, मला विचाराल तर तिचं खरं काम हेच, आणि त्याचे फोटो निघत नाहीत.

जेवताना त्याला फायसनची गोष्ट सांगितली. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे प्रोफेसर, १९१९ मध्ये जर्नल ऑफ इंडियन बॉटनी सुरू केलं आणि भारतातल्या गेंदांवरचं आपलं मोठं काम त्यातच छापलं. कासच्या गेंदाचं सेज्विकी हे नाव पण त्यांनीच दिलेलं. १९२० ला इंडियन बॉटनिकल सोसायटी निघाली, पहिले अध्यक्ष अलाहाबादला शिकवणारे डजन नावाचे अमेरिकन, आणि पुढे फायसनचं जर्नल सोसायटीकडे आलं. शंभर वर्षं होऊन गेली तरी गेंद बघायचा तर आपण अजून तेच पेपर काढतो. तो म्हणाला, मॅडम, फायसनला एपीआय (नोकरी-बढतीसाठी पेपर मोजून मिळणारे गुण) नव्हता. यावर मी काय बोलणार. सीएचबीवाल्या पोराला तासाच्या हिशोबाने पैसे आणि वर पब्लिकेशनची सक्ती, मग ती चार दिवसांवाली जर्नलं चालणार नाहीत तर काय. यूजीसीची चांगल्या जर्नलांची केअर लिस्ट होती ती पण २०२५ मध्ये बंद झाली. सोसायट्यांनी यावर एखादं पत्र लिहिण्यापलीकडे काही केलं पाहिजे असं मी मीटिंगमध्ये बोलते, लोक माना डोलावतात आणि पुढचा विषय घेतात.

संध्याकाळी त्याने माझ्यासमोरच त्या जर्नलला पेपर मागे घेतोय असा मेल टाकला. उत्तर लगेच आलं, विथड्रॉवल फी भरा. मी म्हटलं एक पैसा देऊ नकोस, ब्लॉक कर.

पुढच्या सीझनला त्याने त्याच सड्यावर जाऊन झाडं वेगवेगळी गोळा केली, प्रत्येक झाडाला स्वतंत्र नंबर. काळ्या परागकोशाची निघाली ओळखीची जुनीच जात. फिकट परागकोशाची मात्र अजून कशाशीच जुळलेली नाही, तिचा नवा पेपर आलाय आणि मी तो पुन्हा त्याच सरांकडे पाठवलाय. सरांनी या वेळी विचारलंय की परागकोश ताज्या फुलात फिके होते की वाळल्यावर झाले. परवा मुलाचा फोन, मॅडम, या रेफ्रीला दुसरा काही उद्योग नाही का हो? मी म्हटलं नाही रे, खरंच नाही.