तुम्ही विचारलंत म्हणून : इतकं करूनही देव पावला नाही, तर?

विचारणारे बदलतात, प्रश्न तोच असतो. "इतकी वर्षं नेमाने देवाचं केलं, कुणाचं वाईट चिंतलं नाही, तरी आमच्याच घरावर ही वेळ का? आणि आता देवावर भरवसा ठेवायचा तरी कसा?" कधी तो निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदाराचा असतो, द्राक्षं काढणीला आलेली असताना गारपीट झालेली. कधी नाशकात गोदावरीच्या रामकुंडावर दशक्रियेला आलेल्या घरातल्या कुणाचा.

यातल्या 'का'ला माझ्याकडे उत्तर नाही. ज्याच्याकडे ते तयार असतं, म्हणजे मागच्या जन्मीचं पाप, पितृदोष, तुमचीच श्रद्धा कमी पडली, त्याच्यापासून चार हात लांब राहा. 'कसा' याला मात्र उत्तर आहे, आणि ते तुकोबांनी स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगताना देऊन ठेवलंय.

1630च्या सुमाराला दख्खनेत भीषण दुष्काळ पडला. तुकोबांचा व्यापार बुडाला, गावातला मान गेला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली. हे सगळं त्यांनी एका अभंगात सांगितलंय. त्या अभंगातला पुढचा क्रम नीट बघा. लाज वाटली, जीव त्रासला. मग देवाचं देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं. तेव्हा चित्त अभ्यासात नव्हतं, हेही ते लपवत नाहीत. मग संतांची काही वचनं पाठ केली. पुढे गाणाऱ्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरलं. शरीर कष्टवून जमेल तेवढी दुसऱ्याला मदत केली.

विश्वास आधी बसला आणि मग ते कामाला लागले, असं इथे कुठेही नाही. आपण नेमकं उलटं करतो. मन लागेल तेव्हा देवापुढे बसू म्हणतो आणि वाट बघत राहतो. संकटात मन लागत नाही. झोप नसते, पोटात अन्न नसतं, फोन वाजत असतो. म्हणून नेम मनावर सोडायचा नाही. फक्त तो लहान करायचा.

लहान म्हणजे किती? रोज पूर्ण हरिपाठ म्हणत असाल तर एकच अभंग. तासभर पूजा करत असाल तर दिवा आणि नमस्कार. जप करत असाल तर एक माळ. 108 मणी, 'रामकृष्णहरी' सावकाश म्हणत गेलात तर साधारण दहा मिनिटं. मेरुमणी, म्हणजे माळेच्या टोकाचा वेगळा मणी, आला की तो ओलांडायचा नाही, माळ फिरवून घ्यायची. मध्येच रडू आलं तर बोटं आहेत त्याच मण्यावर ठेवायची आणि पुन्हा तिथूनच सुरू करायचं. वेळ आणि जागा ठरलेली हवी, कारण त्या दिवसांत ठरवण्याचीही ताकद नसते. दवाखान्यात मुक्काम असेल तर बाकावर बसून, मनातल्या मनात. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन माळा करू नका. थकबाकी वाढत गेली की माणूस नेमच सोडतो. निम्मे नेम तिथेच मोडतात.

सुतकात एक वेगळीच कोंडी होते. दहा दिवस पूजा बंद, देवाला हात लावायचा नाही. ज्या दिवसांत सगळ्यात जास्त गरज त्याच दिवसांत दार बंद झाल्यासारखं वाटतं. पण नामस्मरणाला सोयरसुतक नाही, हे वारकरी घरांत सगळ्यांना माहीत असतं. जप करा, हरिपाठ म्हणा.

दहाव्याला आणखी एक गोष्ट घरच्यांना छळते. कावळा शिवत नाही. पिंड ठेवलेला असतो, सगळे लांब उभे असतात, एकेक जण हात जोडून म्हणत असतो, "पोरांना आम्ही सांभाळू, काळजी करू नका." वेळ जातो तसं प्रत्येकाला वाटायला लागतं की गेलेल्याचा जीव आपल्यामुळेच अडकलाय. रामकुंडावर सकाळपासून इतके पिंड ठेवले जातात की कावळ्यांची पोटं भरलेली असू शकतात. न शिवल्यास दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची रीत आहे, गुरुजी तेच करतात, आणि विधी पूर्ण होतो. त्यात काही उणं राहत नाही. हे घरातल्या मोठ्याने आदल्या दिवशीच सगळ्यांना सांगून ठेवावं, विशेषतः गेलेल्याची सेवा केलेल्या सुनेला किंवा लेकीला.

देवावर राग आला तर काय करायचं? बोलून दाखवायचा, देवापुढे उभं राहून, नाव घेऊन. जनाबाईंनी विठोबाला दिलेल्या शिव्या अभंगांत आहेत आणि आपण त्या पिढ्यान्‌पिढ्या गात आलोय. भांडण चालू आहे तोवर नातं चालू आहे. अबोला धरलात तर मात्र काळजी वाटते.

आता पैशाचं. संकटात माणूस एका देवावरून दुसऱ्यावर, एका विधीवरून दुसऱ्यावर धावतो. सप्तशृंगी गडावर नवस, मग कुणी सुचवलेली शांती, मग त्र्यंबकला नारायण नागबली, म्हणजे तीन दिवसांचा विधी, राहणं-खाणं वेगळं. ज्यांची त्यावर श्रद्धा आहे त्यांनी जरूर करावा. पण सगळा खर्च आधी विचारून घ्या, कर्ज काढून करू नका, आणि ऑपरेशनची किंवा केमोची तारीख विधीसाठी पुढे ढकलू नका. नवस बोलायचाच तर हातून होईल एवढाच बोला. दोन तोळ्यांचा नवस बोलून ठेवला की पुढची चार वर्षं देवाची आठवण आली की छातीत धडकी भरते. तो भरवसा नव्हे, उधारी आहे.

देवावर हवाला ठेवणं म्हणजे हात बांधून बसणंही नव्हे. गारपिटीचं नुकसान विम्यात बसत असेल तर साधारणपणे 72 तासांच्या आत कळवावं लागतं. तेव्हा त्याच दिवशी बागेचे फोटो, विमा कंपनीला खबर, तलाठ्याकडे पंचनाम्याची मागणी, आणि संध्याकाळी दिवा. दोन्ही एकाच दिवशी.

एक गोष्ट निक्षून सांगतो. माणसांनी केलेला अन्याय देवाच्या इच्छेवर ढकलू नका. याच नाशकात 2 मार्च 1930 रोजी, अस्पृश्य मानलेल्यांना देवळात प्रवेश मिळावा म्हणून, काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. माणसं वर्षानुवर्षं दारात उभी राहिली, दार उघडलं नाही, आणि 1935 साली बाबासाहेबांनी येवल्यात आपण हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं. ते दार देवाने बंद ठेवलं नव्हतं. सासरी मार खाणाऱ्या बाईला, मजुरी बुडवलेल्या माणसाला "देव परीक्षा बघतोय, सोस" म्हणणं हे पाप आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे आधी सोडवणूक, मग हरिपाठ.

एकट्याने होत नसेल तर ध्रुपद धरा. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला निवृत्तिनाथांची यात्रा असते, तिच्यासाठी आधीपासून पायी दिंड्या निघतात. तेवढं जमत नसेल तर गल्लीतलं भजन आहे. मागच्या ओळीत उभं राहायचं, शब्द येत नसतील तर नुसती टाळी. पुढचे गातात, आपण त्यांच्यामागे चालतो. तुमचा विश्वास किती उरलाय, हे तिथे कुणी मोजत नाही.

झोप सलग काही आठवडे गेली असेल, किंवा जगू नये असं मनात येत असेल, तर 14416 वर फोन करा. ही टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तोंडून तसं ऐकलं तर त्याला एकटं ठेवू नका, औषधफवारणीच्या बाटल्या कुलपात ठेवा आणि फोन तुम्ही लावा.

आणि तुम्ही अशा घरी भेटायला जाणार असाल तर "देव चांगल्या माणसांनाच लवकर नेतो" हे वाक्य बोलू नका. डबा न्या. बँकेत, तहसीलला कुणी सोबत हवंय का विचारा. तेराव्यानंतर पाहुणे पांगतात, तेव्हा पुन्हा जा.