हिरड्यांचा आजार आणि बायोप्सीची दुसरी बाटली

ब्रश फिरवला की हिरडीची साल निघून यायची. पांढुरकी, ओलसर, आणि खाली लालभडक मांस. रक्त थोडंच, पण आग अशी की तर्री-पोहे सुटले, सावजीचं तर नावच नको, आणि संत्र्यांच्या दिवसांत फोड तोंडात टाकायची सोय उरली नाही. दाताच्या डॉक्टरांनी स्केलिंग केलं, माउथवॉश दिला. त्यानं आग आणखीच वाढली. शेजारच्या काकूंचं निदान ठरलेलं होतं : "उष्णता झाली ना तुले, सब्जा पी." तोही प्यायले.

मग एका खासगी दवाखान्यात बायोप्सी झाली. जिथं सगळ्यात जास्त लाल होतं नेमका तिथलाच तुकडा काढला आणि फॉर्मलिनच्या बाटलीत टाकला. रिपोर्ट : जुनाट दाह, नॉन-स्पेसिफिक. ते तर मला आरशातही दिसत होतं.

पुढे नागपुरात मेडिकलच्या, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात केस पेपर काढला. तिथल्या मॅडमनी आधी गाल आतून पाहिले. लायकेन प्लॅनस नावाच्या आजारात तिथं पांढऱ्या रेषांची जाळी दिसते. माझ्या गालात ती नव्हती. उरले दोन संशयित, पेम्फिगस आणि पेम्फिगॉइड. दोन्हींत शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते. पेम्फिगसमध्ये पेशींची एकमेकींना धरून ठेवणारी पकड सुटते, पेम्फिगॉइडमध्ये वरचा अख्खा थर खालच्या पडद्यापासून उचलला जातो. नुसत्या डोळ्यांनी फरक कळेलच असं नाही, आणि औषधं तर वेगळी.

म्हणून पुन्हा बायोप्सी, पण या वेळी दोन तुकडे. एक जखमेच्या कडेचा, फॉर्मलिनमध्ये. दुसरा शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या हिरडीचा, मिशेल मीडियम नावाच्या द्रावात. चांगल्या जागेला कात्री का लावायची, हे मी विचारलंच. जखमेच्या मधोमध वरचा थरच शिल्लक नसतो, मग तो कुठून सुटला हे बघणार कशात? आणि दुसरी बाटली कशाला, तर डीआयएफ (डायरेक्ट इम्युनोफ्लुरोसन्स) तपासणीत तुकड्याला चिकटलेली प्रतिपिंडं चमकवून बघतात, आणि फॉर्मलिनमध्ये ती नीट दिसत नाहीत. पहिल्या वेळी हे कुणी बोललंच नव्हतं. तुमच्या हिरड्यांची अशी साल निघत असेल तर भूल देण्याआधीच विचारा : डीआयएफचा तुकडा घेणार का?

रिपोर्टमध्ये थराच्या तळाशी आयजीजी हे प्रतिपिंड आणि सी३ हे प्रतिकारशक्तीचं प्रथिन, दोन्हींची सलग रेघ आली. पेम्फिगस असता तर पेशींभोवती जाळी दिसली असती. माझं निदान म्यूकस मेंब्रेन पेम्फिगॉइड. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये जास्त आढळतो म्हणे. त्या हिशेबात मी चपखल बसते.

लगेच पुढचा प्रश्न डोळ्यांचा. हाच आजार डोळ्यांत उतरला तर पापणी आतून बुबुळाच्या बाजूला चिकटू लागते, व्रण धरतात आणि नजरही जाऊ शकते. नेत्रतज्ज्ञांनी खालची पापणी ओढून कोपरे तपासले. चिकटलेलं काही नव्हतं, पण तपासणी आता कायमची मागे लागली.

हिरड्यांसाठी दातांचं माप घेऊन मऊ ट्रे बनवला. त्यात क्लोबेटासॉल जेल भरून बसायचं, नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही. या जेलमधल्या स्टेरॉइडमुळे तोंडात बुरशी होऊ शकते, तिचं औषध सोबत. तेवढ्यानं भागेना म्हणून त्वचारोगतज्ज्ञांनी डॅप्सोन लिहिलं. त्याआधी जी६पीडीची तपासणी, कारण हे एन्झाइम कमी असेल तर या गोळीनं लाल पेशी धडाधड फुटतात.

चिठ्ठी पाहून मेडिकल स्टोअरवाल्या भाऊंचा चेहराच बदलला. आनंदवन ज्या विदर्भात आहे, तिथं ही गोळी कशाची हे कुणाला सांगावं लागत नाही. आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, घरात कोणाले...?" मी म्हटलं, "मलेच. पण कुष्ठरोग नाही जी, हिरड्या." त्यांचा विश्वास बसला नसावा. आणि असता कुष्ठरोग, तरी कुजबुजण्यासारखं त्यात काय होतं?

गोळीनं हिमोग्लोबिन उतरलं, डोस कमी करावा लागला. रक्ताची तपासणी चालूच आहे. साल निघणं बरंच थांबलंय. लहान मुलांचा मऊ ब्रश आणि फेस न येणारी पेस्ट वापरते. पोहे परत सुरू झालेत, तर्रीशिवाय.