दोरी बांधायला अर्धा तास का लागतो?

गोव्यात जुन्या झाडांच्या फांद्या छाटण्याचे काम मी दोरीच्या आधाराने करतो, आणि फोंड्यापासून डिचोलीपर्यंत ज्यांच्या अंगणात जातो ते यजमान बहुधा एकच प्रश्न विचारतात: "आमचा पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, बघता बघता माडाच्या शेंड्याला पोहोचतो; तुम्हाला चढण्याआधीच अर्धा तास कशाला लागतो?" तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर सांगतो.

पाडेल्याच्या कौशल्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु माडाला फांद्या नसतात, आणि दर दीड-दोन महिन्यांनी नारळ पाडायला येणारा माणूस तो माड ओळखून असतो. मला बोलावणे येते ते कौलांवर कललेल्या आंब्यासाठी किंवा फणसासाठी, आणि त्या झाडाशी माझी त्या दिवशी पहिलीच भेट असते. म्हणून आधी मी बुंध्याभोवती फिरतो, मुळांपाशी अळंबी उगवली आहे का ते पाहतो, लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकतो, कारण आतून पोकळ झालेला बुंधा भरीव लाकडासारखा वाजत नाही. विजेची तार किती जवळ आहे आणि पानांत हुमल्यांची घरटी कोठे आहेत हेही खालूनच हेरावे लागते. वर दोन्ही हात गुंतलेले असताना हे तांबडे मुंगळे चावू लागले, तर झटकताही येत नाहीत.

मग दोरी. छऱ्यांनी भरलेली तीनएकशे ग्रॅमची पिशवी बारीक दोरीला बांधून निवडलेल्या बेचक्यातून पलीकडे टाकायची आणि तिच्या मागून बारा-तेरा मिलिमीटर जाडीची मुख्य दोरी ओढून घ्यायची. यात पाच-सहा फेकी सहज जातात. त्यानंतर मी आणि माझा मदतनीस दोघेही दोरीला लोंबकळून ती फांदी पारखतो. सुरुवातीच्या काळात घाईपायी मी एकदा हे टाळले, दीड पुरुष उंचीवर असताना फांदी कडाडली आणि माझा खांदा निखळला. तेव्हापासून हे काम मी कोणाच्याही आग्रहाखातर सोडलेले नाही.

शेवटी मला मुख्य दोरीशी जोडणारी प्रुसिकची गाठ. बारीक दोरीचे वेढे मुख्य दोरीवर एकाशेजारी एक नीट बसले, तर भार पडताच ती आवळते आणि भार काढला की हाताने सरकते. एक वेढा दुसऱ्यावर चढला, तर ती धरेलच असे नाही. फणसाच्या चिकाने माखलेल्या दोरीवर तर प्रत्येक वेढा मी बोटाने चाचपून पाहतो. वर करवत हाती घेण्याआधी पोलादी गाभ्याची दुसरी दोरी खोडाभोवती टाकतो, कारण चालत्या करवतीचे पाते नुसते घासले तरी साधी दोरी तुटते. खिळ्यांचे बूट घालून लवकर चढा, असेही सुचवले जाते. जिवंत झाडावर मी ते वापरत नाही, आणि माडावर तर मुळीच नाही, कारण माडाच्या खोडाला पडलेली जखम जन्मभर भरून येत नाही.

मनाला खरा त्रास होतो तो पुढच्या मागणीने. १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते, म्हणून "निदान वरचा अर्धा भाग उडवा" असे सांगितले जाते. तसे केल्यास कापलेल्या टोकांतून कुजण्याला वाट मिळते, भोवती धुमारे दाटीने फुटतात, आणि ते वरच्यावरच धरलेले असल्याने काही वर्षांनी वाऱ्यात तेच आधी मोडतात. त्यापेक्षा धोक्याची एकच फांदी, बुंध्याजवळची फुगीर कडी शाबूत ठेवून, आधी खालून आणि मग वरून अशी टप्प्याटप्प्याने कापली, तर साल सोलवटत नाही आणि जखम भरू लागते. त्यालाही वेळ लागतो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस धरतो आणि मेच्या अखेरीस सर्वांचे फोन एकदम येतात. फेब्रुवारीत बोलावलेत, तर झाडाभोवती मला दोनदा फिरता येईल.