नाइट संपली, डोकं मात्र वॉर्डातच

नाइट संपवून सात रस्त्याला रिक्षा बघत उभी होते, तेवढ्यात मैत्रिणीचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल. बी.एस्सी. नर्सिंगला आम्ही एका बाकावर. आता ती डीएनपी करतेय, डॉक्टर ऑफ नर्सिंग प्रॅक्टिस.

"म्हणजे पीएचडीच ना गं?"

"नाही गं. पीएचडीत नवं संशोधन. आम्ही बघतो, झालेलं संशोधन पेशंटपर्यंत पोचतं का."

2004 साली तिकडच्या नर्सिंग कॉलेजांच्या संघटनेने ठरवलं होतं, 2015 पर्यंत नर्स प्रॅक्टिशनरसाठी, म्हणजे स्वतः पेशंट तपासून औषधं लिहून देणाऱ्या नर्ससाठी, हीच पदवी हवी. तसं सगळीकडे झालं नाही, पण कोर्स मात्र फोफावले.

तिचा प्रोजेक्ट काय, तर सलाइनच्या जागेची रोज तपासणी. मला हसूच आलं. काल रात्रीच एका आजोबांचा हात सुजून लाल झालेला, आणि कॅन्युलाच्या, म्हणजे शिरेत घातलेल्या सलाइनच्या नळीच्या, चिकटपट्टीवर तारीखच नाही! कधी लावली, कोण सांगणार? काढली, दुसऱ्या हाताला नवी लावली, पट्टीवर पेनने तारीख-वेळ टाकली. आजोबा म्हणे, "काय लिहिलालाव हो सिस्टर, पत्र काय?"

घरी येऊन कडक भाकरी, शेंगाचटणी, दही खाल्लं. झोप कुठली. वहीत रेघा ओढल्यात: बेड, तारीख, सूज, लाली. रात्री इन्चार्ज सिस्टरना दाखवते. रागावल्या तर रागावल्या.